शिल्लक जागांचा हिशेब

मार्चच्या सुरुवातीला अर्ज भरायचा आणि मेच्या मध्यापासून जूनपर्यंत कधीतरी उत्तर यायचे, अशी अमेरिकेतल्या बऱ्याच नामांकित खासगी विद्यापीठांच्या ट्रान्सफर प्रवेशाची रीत आहे. ट्रान्सफर म्हणजे एका कॉलेजात वर्ष-दोन वर्षे शिकून झाल्यावर उरलेली पदवी दुसरीकडे पूर्ण करण्यासाठी केलेला अर्ज. मधल्या दहा-बारा आठवड्यांत अर्जदाराला पोर्टलवर एकच ओळ दिसत राहते : अर्ज मिळाला, विचार चालू आहे. या काळात पलीकडे काय चाललेले असते, उत्तराला इतका वेळ का लागतो आणि वाट पाहणाऱ्या मुलाने त्या शांततेचा अर्थ काय लावावा, हे आता आपणही नीट समजून घ्यायला हवे. नाशिक-पुण्याची मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे जात आली आहेतच, पण काही घरांतली मुले बारावीनंतर थेट जातात आणि वर्षभरात त्यांतल्या काहींना कळते की निवडलेले कॉलेज आपल्याला पुरे पडत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ही वाट मुलाच्या योग्यतेच्या निकालाची असते त्याहून किती तरी जास्त शिल्लक जागांच्या हिशेबाची असते. तो हिशेब लागेपर्यंत विद्यापीठाकडेही सांगण्यासारखे उत्तर नसते. मुलाला मात्र ती शांतता स्वतःविषयीचा अभिप्राय वाटते, आणि या गैरसमजात त्याचे एक अख्खे सेमिस्टर करपू शकते.

गेल्या वर्षी माझी भाची यातून गेली. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात ती पहिल्या वर्षाला होती. तिथे विज्ञानाचे शिक्षण उत्तम होते, पण तिला हवे असलेले पर्यावरण अभियांत्रिकी तिथे नव्हते. तिने तीन ठिकाणी अर्ज केले. मी संख्याशास्त्राचा मास्तर, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न आकड्यांचाच होता. "मामा, माझे चान्सेस किती?" मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि थोड्याच वेळात लक्षात आले की आपण चुकीच्या टोकाने सुरुवात करतो आहोत. तिचे गुण पाहण्याआधी तिकडे जागा किती निघणार हे पाहायला हवे होते, आणि मार्चमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हते.

जागा येते कुठून

पहिल्या वर्षाच्या प्रवेशात विद्यापीठ एक संख्या ठरवते आणि तेवढा वर्ग उभा करते. ट्रान्सफरची जागा तशी ठरवून निर्माण करता येत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या वर्गातून कुणी उठून गेले तर ती होते : कुणी कॉलेज सोडले, कुणी वर्षभराची रजा घेतली, कुणी सेमिस्टरपुरते परदेशी गेले. आणि ज्या कॉलेजांसाठी एवढी चुरस असते, तिथून उठून जाणारे फार थोडे. त्यांतल्या बहुतेकांत पहिल्या वर्षानंतर शंभरातले पंच्याण्णवहून अधिक विद्यार्थी परत येतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यापीठात दर वर्षाच्या तुकडीत १,६०० विद्यार्थी आहेत. त्यांतले ३ टक्के गेले, म्हणजे ४८ जागा रिकाम्या झाल्या. आता हेच विद्यापीठ नव्या पहिल्या वर्षासाठी ३,२०० जणांना प्रवेश देऊ करते, कारण आजवरच्या अनुभवाने निम्मे येतात. प्रत्येक मुलाचा होकार हा नाणेफेकीसारखा स्वतंत्र मानला, तर येणाऱ्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन २८ निघते. म्हणजे अंदाजाहून पन्नासेक मुले जास्त किंवा कमी येणे यात अघटित काहीच नाही. प्रत्यक्षात मुले नाण्यांइतकी स्वतंत्र नसतात. एखाद्या तुल्यबळ विद्यापीठाने शिष्यवृत्त्या वाढवल्या की एकदम बरीच मुले तिकडे वळतात, त्यामुळे खरा चढउतार याहून मोठाच असतो. पन्नास मुले जास्त आली, की वसतिगृहातल्या त्या ४८ खाटा गेल्या. कमी आली तर बहुधा आधी पहिल्या वर्षाच्या वेटलिस्टला हाक जाते. पहिल्या वर्षाच्या मुलांनी होकार कळवण्याची रूढ तारीख १ मे. ट्रान्सफरच्या फायली तोपर्यंत वाचून झाल्या असल्या, त्यांवर शेरे पडले असले, तरी किती जणांना घ्यायचे ही संख्या त्या तारखेआधी पक्की होणे कठीणच. मेच्या मध्याचे गणित इथून येते.

अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे वसतिगृहाचे महत्त्व. आपल्याकडे कॉलेजची क्षमता बाकांवर मोजतात; तिकडच्या निवासी विद्यापीठांत ती खाटांवरही मोजतात. हार्वर्डने २००८ च्या मार्चमध्ये जाहीर केले की पुढची दोन वर्षे ट्रान्सफर विद्यार्थी घेतले जाणार नाहीत. कारण होते वसतिगृहांतली गर्दी. त्या वर्षीचे अर्ज तोवर दाखल झालेले होते. ज्या मुलांनी निबंध लिहिले, प्राध्यापकांकडून पत्रे मिळवली, त्यांच्या वाट्याला नकारसुद्धा आला नाही. त्यांची रांगच बंद झाली. २०१० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या मुलांच्या गुणवत्तेविषयी त्या निर्णयातून काय कळते? काहीच नाही. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा मला सापडलेला नाही.

प्रिन्स्टनने तर १९९० नंतर जवळपास तीन दशके ट्रान्सफर घेतलेच नाहीत. २०१८ मध्ये पुन्हा सुरुवात केली तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि १३ जणांना प्रवेश देऊ केला गेला. शंभरात एकही नाही. शिवाय हा दरवाजा उघडण्यामागे ठरवलेला हेतू होता : कम्युनिटी कॉलेजांत शिकणारी, कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले आणि सैन्यातून परतलेले तरुण यांना वाट करून देणे. अशा ठिकाणी दुसऱ्या नामांकित कॉलेजातून अर्ज करणाऱ्या मुलाची फाईल कितीही भक्कम असली, तरी ती त्या हेतूच्या बाहेर पडते.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी

सगळीकडे असेच असते असे नाही, आणि हा फरक मोलाचा आहे. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाची एक बृहद्योजना मंजूर केली. क्लार्क कर तेव्हा तिथल्या राज्य विद्यापीठाचे अध्यक्ष होते. योजना अशी : शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतल्या वरच्या एक अष्टमांश मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशासाठी राज्याची दुसरी महाविद्यालये, आणि सगळ्यांसाठी खुली कम्युनिटी कॉलेजे. या तिसऱ्या पायरीवरून वर चढता यावे म्हणून वरच्या दोन वर्षांत साठ टक्के आणि खालच्या दोन वर्षांत चाळीस टक्के विद्यार्थी असावेत असे प्रमाण आखले गेले. म्हणजे तिसऱ्या वर्षाची जागा तिथे कुणाच्या जाण्यावर अवलंबून राहत नाही. ती आधीपासून राखलेली असते. सहा कॅम्पसवर, डेव्हिस, अर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ इथे, ठरावीक अभ्यासक्रम आणि गुण पूर्ण केलेल्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमीसुद्धा मिळू शकते. बर्कली आणि लॉस एंजेलिस या हमीत नाहीत, पण तिथेही ट्रान्सफर विद्यार्थी दरसाल हजारांनी घेतले जातात आणि निकाल एप्रिलअखेर लागतो.

खासगी विद्यापीठातली वाट आणि ही वाट यांना एकच नाव असले तरी त्यांची जात निराळी आहे. एक राखीव डब्याची, दुसरी स्टेशनावर कुणी उतरले तर मिळणाऱ्या जागेची. मुलांना सल्ला देणाऱ्या आईवडिलांनी आणि मामांनी आधी हा भेद पाहावा, मग टक्केवारी काढावी.

हातातली जागा आणि मनातली

गणितात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपले यांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य या विषयावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याची सुरुवातच या अडचणीने होते, की प्रवेश देऊ केलेल्यांतले किती येतील हे कॉलेजला ठाऊक नसते आणि वेटलिस्टमुळे विद्यार्थ्यापुढेही पेच उभा राहतो. त्यांनी सुचवलेला उपाय असा : कुणीही लगेच पक्का होकार देऊ नये, हातात आलेले सर्वांत चांगले उत्तर तात्पुरते धरून ठेवावे, आणि सगळ्या फेऱ्या संपल्यावर तेच पक्के व्हावे. पुढे २०१२ मध्ये शॅपले यांना आल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच धाग्यावरच्या कामासाठी.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या घरांना हे तत्त्व नाव न घेताही माहीत आहे. २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटीच्या जागा जोसा नावाच्या एकत्रित प्रक्रियेतून दिल्या जातात. जागा मिळाली की मुलाने सांगायचे : फ्रीझ, स्लाइड की फ्लोट. फ्लोट म्हणजे ही जागा माझी, पण वरची निघाली तर मला तिकडे न्या. जून-जुलैत आपल्या सोसायट्यांच्या जिन्यांत हे शब्द ऐकू येतात.

ट्रान्सफरचा अर्जदार खरे तर फ्लोटवरच असतो. आत्ताचे कॉलेज ही त्याची हातातली जागा. ती सुटत नाही, हे त्याचे बळ. पण जोसात सगळ्या जागा एकाच संगणकात असतात आणि फेरीची तारीख सगळ्यांना सारखी असते. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाचे पंचांग वेगळे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला १ जूनपर्यंत होकार कळवावा लागतो, आणि एखादे खासगी विद्यापीठ तोपर्यंत गप्प असू शकते. मग अनामत भरून एक जागा धरायची आणि दुसरीकडून उत्तर आले तर ती रक्कम सोडून द्यायची, एवढाच मार्ग उरतो. ज्याच्या घरी ती रक्कम सोडण्याची ऐपत नाही, त्याला फ्लोट मिळतच नाही. मला या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो. गेल आणि शॅपले यांनी ज्याचे उत्तर सहा दशकांपूर्वी कागदावर दाखवून दिले, त्याची किंमत आज गरीब घरातला अर्जदार मोजतो.

दुसरा फरक आणखी खोल जातो. फ्लोटवरची जागा शांतपणे पडून असते. आत्ताचे कॉलेज मात्र रोज काहीतरी मागते. एप्रिलमध्ये पुढच्या सेमिस्टरच्या विषयांची नोंदणी होते. एप्रिलमध्येच पुढच्या वर्षीच्या खोल्या निवडायच्या असतात. माझ्या भाचीची खोलीतली मैत्रीण एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तिच्या पलंगावर येऊन बसली. वसतिगृहाचा नकाशा उघडला आणि म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली घेऊ, दोन खिडक्या आहेत. अर्जाची गोष्ट भाचीने तिला सांगितलेली नव्हती. ती हो म्हणाली. त्या रात्री तिने फोन केला आणि बराच वेळ खिडक्यांबद्दलच बोलत राहिली. खोट्याचा सल त्या मुलीला निकालाच्या भीतीहून जास्त टोचत होता, आणि मला वाटते तिचे टोचणे योग्य होते. मी तिला सांगितले की मैत्रिणीला उद्याच सांग, निकालाची वाट पाहू नकोस. तिने सांगितले. मैत्रिणीने तिसऱ्या एका मुलीला बरोबर घेऊन खोलीची सोय केली आणि प्रकरण तिथेच मिटले.

अर्जातही याच जातीची अडचण आहे. बहुतेक ठिकाणी चालू सेमिस्टरचा मध्यावधी अहवाल लागतो. तो घेऊन आत्ताच्या प्रत्येक प्राध्यापकाकडे जायचे, आजवरचे गुण भरून घ्यायचे. शिफारसपत्रही बहुधा याच प्राध्यापकांकडून. म्हणजे ज्यांना सोडून जायचे आहे त्यांच्याच दारात उभे राहून मला जायला मदत करा असे म्हणायचे. भाची गणिताच्या प्राध्यापिकेच्या खोलीबाहेर बराच वेळ उभी होती, आत जाऊन आधी गृहपाठाचाच प्रश्न विचारला. बाईंनी गृहपाठ समजावला, मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, तो कागद दे, तुझ्या वहीतून डोकावतोय. शिकवण्याच्या धंद्यात मी चौतीस वर्षे काढली. चांगला शिक्षक जाणाऱ्याला धरून ठेवत नाही, हे मला ठाऊक होते. तरी दुरून ऐकताना गळा दाटून आला.

आणि तो अहवाल गेला की अभ्यास संपत नाही. काही विद्यापीठे निर्णयाआधी सेमिस्टरचे अंतिम गुणही मागवतात. त्यामुळे जिथून मन निघालेले आहे तिथे शरीराने पूर्ण हजर राहून उत्तम गुण मिळवायचे, ही या काळाची अट असते. वाट पाहण्याचे दुसरे कुठलेच रूप इतके श्रम मागत नाही.

मनाचा आलेख

डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना काही साधी निरीक्षणे मांडली. रिकामा वेळ भरलेल्या वेळेहून लांब वाटतो. किती थांबायचे हे माहीत नसले की वाट लांबते. कारण सांगितले नाही की लांबते. एकट्याने पाहिलेली वाट सोबतीने पाहिलेल्या वाटेहून लांब. त्याच्यासमोर बँका आणि उपाहारगृहे होती, पण ट्रान्सफरच्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट लागू पडते. शेवटची तर विशेष. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी सगळा वर्ग एकत्र थांबलेला असतो. रडायलाही सोबत असते. ट्रान्सफरची वाट पाहणारा मुलगा अशा मुलांमध्ये राहतो जी कशाचीच वाट पाहत नाहीत.

रिव्हरसाइडच्या केट स्वीनी यांनी कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा दिलेल्यांचा अभ्यास केला. त्या परीक्षेचा निकाल चार महिन्यांनी लागतो. काळजी सुरुवातीला जास्त, मधे उतरते, निकाल जवळ आला की पुन्हा चढते, असा आलेख त्यांना दिसला. मन शांत ठेवण्याचे नेहमीचे उपाय फारसे लागू पडले नाहीत. आणि जे या काळात जास्त अस्वस्थ होते, त्यांना वाईट बातमी पचवणे सोपे गेले, चांगली बातमी जास्त सुखाची वाटली. म्हणजे काळजी करणारे मूल काही चुकीचे करत नसते. "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, पण त्याने मुलाच्या डोक्यावर आणखी एक अपयश चढते, टेन्शन न घेण्यातले. उपयोग दिसला तो बुडून जाता येईल अशा कामाचा, ज्यात वेळेचे भान राहत नाही. भाचीच्या बाबतीत ते काम तिचे तिलाच सापडले. कॉलेजमागच्या ओढ्याचे पाणी दर शनिवारी बाटल्यांत भरून आणायचे आणि त्यातल्या नायट्रेटची नोंद ठेवायची. मार्च ते मे या काळात तिने एकही शनिवार चुकवला नाही.

परदेशी विद्यार्थ्याच्या वाटेला आणखी एक पदर असतो. एफ-1 व्हिसावरच्या मुलाची सरकारी नोंद सेव्हिस नावाच्या यंत्रणेत असते, आणि ती एका वेळी एकाच संस्थेच्या ताब्यात राहते. जुने कॉलेज एक तारीख ठरवून ती सोडते, मग नवे कॉलेज नवा आय-20 देते. त्यासाठी पैशांची कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनी मेमध्येच बँकेची पत्रे ताजी करून ठेवावीत. उत्तर आल्यावर होकार कळवायला कधी कधी जेमतेम दोन आठवडे मिळतात.

विद्यापीठांनाही करण्यासारखे थोडे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पोर्टलवरच्या त्या एका ओळीऐवजी लिहिता येईल : तुमची फाईल वाचून झाली आहे, आता आम्ही जागांची संख्या कळण्याची वाट पाहत आहोत. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षी किती घेतले हे देता येईल, कारण त्या पाच आकड्यांतला चढउतार पाहिल्यावर कुठलाही शहाणा मुलगा स्वतःला दोष देणार नाही. आणि ज्या वर्षी जागाच निघाली नाही, त्या वर्षी नकाराच्या पत्रात तसे स्पष्ट म्हणता येईल. हे मुलांचे देणे आहे असे मी मानतो.

भाचीच्या कॉलेजची वसतिगृहे परीक्षा संपताच मेच्या मध्यात बंद झाली. तेव्हा तिन्हींपैकी एकाचेच उत्तर आले होते आणि ते नकाराचे होते. तिने सामान सहा खोक्यांत भरून मैत्रिणीच्या घरच्या गॅरेजात ठेवले आणि नाशिकला आली. दुसरा नकार आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. तिसऱ्या विद्यापीठाने तारीख आणि वेळ कळवली होती, तिथले संध्याकाळचे पाच. आपले रात्रीचे अडीच. माझी बहीण जागीच होती, मीही मुक्कामाला गेलो होतो. भाची झोपली होती, अडीचला मोबाइलचा गजर झाला, तिने उठून पाहिले, बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "मिळालं." मग चहा झाला.

त्यानंतरही एक वाट होती, जिच्याबद्दल तिला कुणी सांगितले नव्हते. जुन्या कॉलेजातले किती क्रेडिट नवे विद्यापीठ मान्य करणार, हा स्वतंत्र निर्णय असतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये काढलेला अंदाज असा, की ट्रान्सफर करताना विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट गळतात. त्या अंदाजात सगळ्या प्रकारची कॉलेजे आहेत, त्यामुळे तो आकडा तिला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रत्येक गळालेला विषय म्हणजे पुन्हा फी आणि पुन्हा वेळ, हे तिलाही चुकणार नव्हते. रसायनशास्त्र मान्य झाले. रेखीय बीजगणिताचे अडले. नव्या विभागाला पूर्ण अभ्यासक्रम हवा होता, पाठ्यपुस्तकाचे नाव हवे होते, गृहपाठाचे नमुने हवे होते. जुलैच्या एका दुपारी ती नाशिकच्या घरात जेवणाच्या टेबलावर जुनी वही उघडून बसली होती. तिसऱ्या आठवड्यात वर्गात नेमके काय शिकवले, हे विचारणाऱ्या ईमेलला उत्तर लिहीत होती आणि मधेच मला विचारत होती, "मामा, आयगेनव्हॅल्यू तेव्हा झालं होतं असं लिहू, की पाचव्या आठवड्यात?" वहीत तारीख होती. पाचव्या.